संग्रहालयात जाईल असा सोफा कसा घडवावा: नवशिक्यांसाठी नऊ धडे

सोफा ही बसायची वस्तू आहे असा तुमचा समज असेल, तर हे मार्गदर्शन खास तुमच्यासाठी आहे. लाजू नका. सुरुवातीला सगळ्यांचा असाच समज असतो.

बसायला काय, एसटी स्टँडचं बाकडं पुरतं, देवळाची पायरी पुरते, लग्नघरात उलटी ठेवलेली बादलीही पुरते. त्यासाठी डिझायनर लागत नाही. सोफ्याची खरी कारकीर्द सुरू होते ती त्याच्यावर बसायला बंदी आल्यावर. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट घ्या किंवा जर्मनीत वाइल आम राइनचं व्हिट्रा डिझाइन म्युझियम घ्या. माणसाला आराम मिळावा म्हणून हुशार माणसांनी डोकं झिजवून काढलेली आसनं तिथे मांडून ठेवली आहेत, आणि ती बघायला आलेली माणसं पाय दुखेपर्यंत उभी आहेत. आपल्याला तिथे पोचायचंय. वही काढा.

धडा 1. आधी वास्तुविशारद व्हा

सुताराने सोफा केला तर तो सोफाच राहतो. वास्तुविशारदाने केला की त्याला ‘संकल्पना’ म्हणतात. तेव्हा पदवी घ्या, ती जमत नसेल तर गोल काड्यांचा काळा चष्मा घ्या.

इतिहास पाठ करा. 1927 मध्ये शार्लोत पेरियाँ ही चोविशीतली तरुणी पॅरिसमध्ये वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम मागायला गेली. ‘आमच्याकडे उशांवर भरतकाम होत नाही,’ अशा अर्थाचं काहीतरी ऐकवून त्यांनी तिला वाटेला लावलं. त्याच वर्षी एका प्रदर्शनात तिचं काम पाहिलं, आणि मग मुकाट्याने कामावर घेतलं. वर्षभरात ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे आणि पेरियाँ या तिघांनी मिळून एक आरामखुर्ची काढली. बाहेर पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि आत ठासून बसवलेल्या जाडजूड उशा! भरतकाम नव्हतं, एवढं मान्य करावं लागेल. तिचं दोन-तीन माणसांचं रूप म्हणजे आजही हॉटेलांच्या लॉबीत दिसणारा तो काळा चौकोनी सोफा. या खुर्चीचं नाव पुढे ‘एलसी 2’ पडलं. एल आणि सी ही पेरियाँची आद्याक्षरं नाहीत, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात आलं असेलच.

यातलं तंत्र शिका. एरवी सांगाडा आत असतो आणि गादी बाहेर. यांनी सांगाडा बाहेर काढला. तुम्हीही आतलं काहीतरी बाहेर काढा आणि त्याला ‘रचनेचा प्रामाणिकपणा’ म्हणा. पाहुण्याची नडगी नळीवर आपटली, तर त्याच्या तोंडून जे निघेल तेही प्रामाणिकच असतं.

धडा 2. प्रेरणेसाठी न्हाणीघरात जा

नवशिके टेबलाशी बसून पेन्सिल चावत राहतात. जाणकार अंघोळीला जातात.

फ्रान्समध्ये मिशेल ड्युकारॉय यांना दुमडून वाकवलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये सोफा दिसला. 1973 मध्ये लिन रोझे कंपनीने तो ‘टोगो’ नावाने बाजारात आणला. आत लाकूड नाही, पोलाद नाही; वेगवेगळ्या घनतेचा फोम आणि त्यावर सुरकुत्यांची गोधडी घातल्यासारखं कव्हर. आपल्याकडे ट्यूबला असं डौलात दुमडून पडायची उसंत कोण देतो? ती लाटण्याखाली जाते, मग तिला कात्री लागते, शेवटी ब्रश थेट आत घालून तिची आतडी खरवडली जातात. टोगो मराठी घरात जन्माला आला नाही त्याचं कारण प्रतिभेचा अभाव हे नसून काटकसर हे आहे.

इटलीत गाएतानो पेशे यांच्या हातात अंघोळ करताना स्पंज होता. दाबला की मुठीत मावतो, सोडला की पुन्हा फुगतो. त्यावरून 1969 मध्ये ‘अप’ मालिका आली. पॉलियुरेथेन फोमची अख्खी आरामखुर्ची हवा काढून पापडासारखी चपटी करायची, मूळ आकाराच्या दहाव्या हिश्शात पाकीटबंद करायची. गिऱ्हाइकाने घरी पाकीट फोडलं की ती हवा ओढत, अंग मोडत उठून उभी राहायची. वाहतुकीचा खर्च वाचला, करमणूक फुकट. आज मिळते ती आवृत्ती मात्र कारखान्यातूनच फुगून येते. प्रगतीला कधीकधी असं मागेही यावं लागतं.

तुमच्या न्हाणीघरात काय दिसतं ते टिपा. बादलीत उभा सोडलेला हीटर दिसत असेल, तर तो विषय सोडून द्या.

धडा 3. सामान सायकलच्या दुकानातून आणा

लाकूड, कापूस, काथ्या ही नावं तोंडातून काढायची नाहीत. सोफ्यात सोफ्याचं सामान घालणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे.

सुरुवात टायरपासून करा. दुसऱ्या महायुद्धानंतर पिरेल्ली या टायरवाल्या कंपनीकडे फोम रबर होतं आणि त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. तोवर खुर्च्यांच्या पोटात स्प्रिंगा आणि घोड्याचे केस भरत. आर्फ्लेक्स ही फर्निचर कंपनी निघाली, आणि मार्को झानुसो या वास्तुविशारदाने फोम रबर नि ताणले जाणारे रबरी पट्टे वापरून ‘लेडी’ ही खुर्ची केली. 1951 मध्ये मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. आपल्या गादीखाली निवाड असते, तेच काम तिथे रबरी पट्ट्याने केलं. निवाडीला पदक मिळाल्याचं ऐकिवात नाही.

मग पंक्चर. 1967 ची झानोत्ता कंपनीची ‘ब्लो’ ही खुर्ची पारदर्शक पीव्हीसीची, हवा भरून फुगवायची. तिच्याबरोबर पंक्चर काढायचं साहित्य मिळायचं. गिऱ्हाइकाला पुढे काय भोगायचंय हे पहिल्याच दिवशी हातात ठेवणारं इतकं सच्चं फर्निचर विरळाच.

मग चेन. व्हिको माजिस्ट्रेत्ती यांच्या 1973 च्या ‘मारालुंगा’ सोफ्याची पाठ वर उचलली की डोक्याला टेकू होतो, खाली दुमडली की ती ठेंगणी होते. ही करामत आत लपवलेल्या सायकलच्या चेनची. किस्सा असा सांगतात, की नमुना बघून कंपनीचे मालक चेझारे कास्सिना वैतागले, त्यांनी एक ठोसा हाणला आणि पाठ मोडून लोंबू लागली. माजिस्ट्रेत्ती म्हणाले, झकास, हेच हवं होतं. 1979 मध्ये या सोफ्याला इटलीतला ‘कोम्पास्सो दोरो’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. ठोशाला मिळाला नाही.

सध्याचा माल हवा असेल, तर मान वर करून गच्चीकडे बघा. स्टेफान डीझ यांनी 2021 मध्ये माजिस कंपनीसाठी केलेल्या ‘कॉस्ट्यूम’ सोफ्याचं अंग पुनर्वापर केलेल्या पॉलिथिनचं आहे. प्लास्टिकची भुकटी साच्यात घालून, तापवून, गरगर फिरवून ते घडवतात. आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी याच पद्धतीने होते. म्हणजे आपण वर्षानुवर्षं सोफ्यात पाणी साठवतोय.

धडा 4. फोम मागाहून भरा, आधी अर्थ भरा

‘मऊ आहे, बसा,’ असं म्हणणारा डिझायनर उपाशी मरतो. आसनाने काहीतरी म्हटलं पाहिजे.

पेशे यांच्या ‘अप’ मालिकेतली एक खुर्ची भरल्या अंगाच्या बाईसारखी आहे, आणि तिला दोरीने एक गोळा बांधलाय. कैद्याच्या पायातल्या बेडीचा तो गोळा. बाई अजून बंधनात आहे, असं त्यांचं म्हणणं. पाय ठेवायलाही तो सोयीचा पडतो. विचार पटो न पटो, पोटऱ्यांना आराम मिळतो. 2019 मध्ये या खुर्चीला 50 वर्षं झाली म्हणून मिलानच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात तिची 8 मीटर उंच आवृत्ती उभारली, बाण टोचलेली. स्त्रियांच्या बाजूने उभ्या केलेल्या या शिल्पाविरुद्ध स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी तिथेच निदर्शनं केली. बाईचं दुःख सांगायला पुन्हा खुर्चीच का, आणि अत्याचार करणारा यात दिसत का नाही, हा त्यांचा सवाल होता.

तुम्ही मात्र खचू नका. ज्याच्याविरुद्ध मोर्चा निघतो तो सोफा कधीच मोडीत निघत नाही.

धडा 5. तुकडे करा

अखंड सोफा ही हुकूमशाही आहे. तुकडे करा आणि गिऱ्हाइकाला म्हणा, ‘आता तूच रच.’ याला स्वातंत्र्य म्हणतात, आणि त्याचे पैसे वेगळे लावतात.

आदर्श म्हणून मारियो बेल्लिनी यांचा 1970 चा ‘कामालेओंदा’ घ्या. इटालियन भाषेतला सरडा आणि लाट यांचा जोडशब्द. 90 सेंटिमीटरचे फुगीर चौकोन. पाठी नि हात आकड्यांनी, कड्यांनी आणि तारांनी त्यांना जोडायचे, वाटेल तेव्हा सोडवायचे. 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने इटलीच्या नव्या घरगुती वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात हा होता. पुढे उत्पादन थांबलं, जुन्याचे भाव चढत गेले आणि 2020 मध्ये तो पुन्हा बाजारात आला.

या जागी तुमच्यातलं कोणीतरी हात वर करून म्हणणार, की आमच्याकडे बैठक होतीच की! गाद्या, लोड, तक्के, पांढरे अभ्रे. हवे तसे मांडा, गाणं संपलं की उचला. बरोबर आहे. पण फरक समजून घ्या. बैठक खरोखर उचलली जायची. गाद्या उन्हात पडायच्या, लोड झोडपले जायचे, उद्या त्याच खोलीत पंगत बसायची. सुट्या तुकड्यांचा सोफा पहिल्या दिवशी डिलिव्हरीची पोरं जसा लावून जातात तसाच जन्मभर राहतो. रचना शंभर होतात. वापरात एकच असते, टीव्हीसमोरची.

धडा 6. कापड असं निवडा की धस्स व्हावं

रंग पांढरा. पोत कुरळ्या मेंढीसारखा. ज्या घरात हळद, आमरस, कुंकू आणि चार वर्षांचा नातू आहे तिथे हा सोफा गेला पाहिजे, म्हणजे त्याची अग्निपरीक्षा होईल.

प्रयोगशाळेची परीक्षाही आहे. तिला मार्टिंडेल चाचणी म्हणतात. कापडावर लोकरीचं कापड दाबून घासत राहायचं आणि किती हजार फेऱ्यांनंतर धागे तुटतात ते मोजायचं. घरगुती सोफ्याला वीस-पंचवीस हजार फेऱ्या भक्कम मानतात. आकडा तोंडावर फेका, गिऱ्हाईक गप्प होतं. मात्र यंत्र घासतं ते लोकरीनं. स्केचपेननं नव्हे, खोबरेल लावलेल्या डोक्यानं तर नव्हेच.

खोबरेलाची काळजी इंग्रजांनाही होती. एकोणिसाव्या शतकात त्यांचे पुरुष केसांना मकासर तेल चोपडायचे, म्हणून खुर्चीच्या पाठीवर घालायच्या रुमालाला त्यांनी ‘अँटिमकासर’ असं भारदस्त नाव दिलं. आपल्या मावशीने क्रोशाने विणलेला, बसणाऱ्याच्या पाठीला चिकटून दारापर्यंत जाणारा रुमाल तो हाच. त्याला ‘तांत्रिक वस्त्र’ म्हणायला तिला कोणी सुचवलं नाही, एवढंच.

काहीही निवडा, तिसऱ्या दिवशी त्यावर जुनी चादर पडणार आहे. तेव्हा चादरीशी जुळणारा रंग घ्यावा, असं आमचं अनुभवाअंती मत झालं आहे.

धडा 7. कारागिराला फोटोत येऊ देऊ नका

माहितीपत्रकात ‘हस्तकौशल्य’ हा शब्द पाहिजे, हात नकोत.

मीस व्हॅन डर रोह आणि लिली राइख यांनी 1929 च्या बार्सिलोना प्रदर्शनातल्या जर्मन दालनासाठी, स्पेनचे राजा-राणी उद्घाटनाला येणार म्हणून खुर्ची केली. ती यंत्रयुगाची खूण मानतात. तिच्या उशांसाठी चामड्याचे 40 तुकडे कापून, हाताने पायपिंग घालून शिवावे लागतात आणि हातानेच बटणं ओढून बसवावी लागतात. यंत्रयुगाची खूण हाताने शिवणारा कोण, हे खुर्चीवर लिहिलेलं नसतं. राजा-राणी तिच्यावर बसलेच नाहीत असं म्हणतात. म्हणजे पहिल्याच दिवशी तिने आपलं ध्येय गाठलं.

इटलीचे नामांकित सोफे मिलानच्या उत्तरेला ब्रियांझा भागात, मेदा, कान्तू, लिस्सोने अशा गावांत घडले. पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम नि गादीकाम करणारी ही गावं. वास्तुविशारद कागदावर गोलाई काढतो. ती कापडाला सुरकुती न पडता कशी वळवायची, हे या लोकांच्या अंगठ्याला ठाऊक.

असा अंगठा आमच्या गल्लीतल्या सोफावाल्या काकांनाही आहे. फोमवर तो नुसता दाबतात आणि सांगतात, ‘बत्तीसचा घातलाय, चाळीसचा म्हणून विकला असेल.’ हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कमी वजनाचा फोम आज कितीही मऊ लागला, तरी दोन दिवाळ्यांत त्यात खड्डा पडतो. दुकानात ढुंगणाला जे सुख होतं, ते पुष्कळदा स्वस्त फोमचं असतं. काका हे तीस वर्षं सांगतायत. त्यांना व्याख्यानाला कोणी बोलावलेलं नाही.

धडा 8. दरवाजाचा विचार करू नका

महान सोफा खोलीपेक्षा मोठा असतो. झाहा हदीद यांचा 2007 चा ‘मून सिस्टीम’ बघा. पाठ, हात, बैठक सगळं एकाच वळणात ओतल्यासारखं. असं काही आमच्या सोसायटीच्या जिन्यात आणून दाखवा.

आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे एल आकाराचा घेतला होता. दुकानाने विचारलं, ‘डावा एल की उजवा एल?’ आम्ही डावा म्हणालो. सोफ्याकडे तोंड करून डावा की सोफ्यावर बसून डावा, हे त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. लिफ्टमध्ये मावला नाही, जिन्याच्या वळणावर अडला. शेवटी गॅलरीतून दोर सोडून चौथ्या मजल्यावर ओढला, तेव्हा खाली निम्मी सोसायटी माना वर करून उभी होती आणि प्रत्येकजण सूचना देत होता. सोफा आत आला. उजवा होता. तेव्हापासून आमच्या गॅलरीचं दार अर्धंच उघडतं, आणि पाहुण्यांना आम्ही ते ‘अवकाशाशी संवाद’ म्हणून दाखवतो.

धडा 9. भंगारात जा

शेवटची पायरी. इथे पुष्कळजण धीर सोडतात.

1950 च्या दशकात चंदीगड उभं राहत होतं. तिथल्या कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी पहिल्या धड्यातले पिएर जानरे आणि उर्मिला यूली चौधरी यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या विणीचं फर्निचर केलं. स्थानिक सुतारांना जमेल असं, फाइली आणि कारकून दोघांचं ओझं पेलेल असं. त्यावर दोन-तीन पिढ्यांनी चहा सांडला. मग वेत फाटला, नव्या खुर्च्या आल्या आणि जुन्यांचे ढीग गच्च्यांवर रचले गेले. सरकारी लिलावात ते भंगाराच्या भावाने गेले. परदेशी विक्रेत्यांनी पॉलिश केलं, तेव्हा एकेका खुर्चीची बोली लाखांत गेली. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारशाच्या विक्रीला मनाई केली. तोवर बरंच काही समुद्रापार गेलं होतं.

अस्सलपणाची खूण काय मानतात, माहितीय? पाठीमागे कचेरीच्या कारकुनाने रंगवलेली खात्याची अक्षरं आणि नोंदवहीचा क्रमांक. डिझायनरच्या सहीपेक्षा स्टोअरकीपरच्या ब्रशला भाव आला. तेव्हा सोफा पुरा झाला की मागे एक क्रमांक घाला, आणि साठ वर्षं थांबा.

अभिनंदन. तुमचा सोफा आता चौथऱ्यावर आहे. भोवती दोर आहे, शेजारी पाटी आहे. एक बारीकशी अडचण उरते. पॉलियुरेथेन फोम हवेने आणि उजेडाने पिवळा पडतो, कडक होतो, मग त्याचा भुगा होतो. साठ-सत्तरच्या दशकातली ही आसनं कशी टिकवायची, हा संग्रहालयांपुढचा खरोखरीचा प्रश्न आहे. कोणी बसलं नाही तरी ती आतून बसत चालली आहेत. त्या दालनात कोणी ज्यावर बसतं अशी खुर्ची एकच, रखवालदाराची.

आणि चुकून तुम्हाला बसायलाच सोफा हवा असेल, तर शोरूममध्ये गेल्यावर चप्पल काढा, पाय वर घ्या आणि सरळ मांडी घाला. विक्रेता बघत राहील, राहू दे. फोम कितीचा, आत लाकूड कोणतं आणि कव्हर निघतं का, एवढं त्या अवधीत विचारून घ्या. दहा मिनिटांनी उठा. उठायला कोणाचा हात धरावा लागला, तर तो सोफा संग्रहालयाचा आहे, तुमचा नव्हे.